गर्भपिशवीचा कॅन्सर होऊन गेला, आता दुसऱ्या कॅन्सरची भीती किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन झालं, टाके सुकले, तपासणीची तारीख तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली की हे प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके तेच विसरतात आणि घरी येताना रिक्षात आठवतात. माझ्या आईच्या आजारपणात आमचंही असंच व्हायचं, म्हणून तेव्हा वहीत लिहून ठेवलेले आणि पुढे इतर बायकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या बाबतीतला निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांना काय विचारायचं, एवढं या पानावरून कळावं.

हे पान नेमकं कोणत्या कॅन्सरबद्दल आहे?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे एंडोमेट्रियल कॅन्सरबद्दल. आपल्याकडे 'पिशवीचा कॅन्सर' म्हटलं की पुष्कळांना पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाटतो. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि त्याचं सगळं गणित वेगळं आहे. तुमचा कोणता ते ठाऊक नसेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टवर 'एंडोमेट्रियम' हा शब्द आहे की 'सर्व्हिक्स', एवढं आधी पाहा.

पिशवीच काढून टाकली. मग पुन्हा कॅन्सर कशाला होईल?

बहुतेकींना होत नाही. पण प्रश्न रास्त आहे.

हा कॅन्सर बोलका आहे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं की बाई घाबरून डॉक्टरकडे जाते, त्यामुळे तो बऱ्याचदा पिशवीच्या आत असतानाच सापडतो. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार अशा, पिशवीपुरत्याच राहिलेल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर साधारण ९५ टक्के बायका हयात असतात. साठीत ऑपरेशन झालेल्या बाईपुढे त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं असू शकतात, आणि वाढत्या वयात कुणालाही कॅन्सर होऊ शकतो. हा झाला सगळ्यांना सारखा असलेला धोका.

त्याच्यावर आणखी तीन गोष्टींची भर पडू शकते: पहिला कॅन्सर ज्यामुळे झाला ती शरीरातली परिस्थिती अजून तशीच असणं, जन्मापासून जनुकात असलेला दोष, आणि पहिल्या वेळी घेतलेले उपचार. तुमच्या बाबतीत यातलं काय लागू आहे, हे शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. एकीला वजन आणि साखर सांभाळायची असते, दुसरीला वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायची असते. 'सगळ्यांनी सगळं करा' हा सल्ला कुणाच्याच कामाचा नाही.

नवा कॅन्सर आणि जुना उलटणं यात फरक काय?

जुना उलटला तर पेशी त्याच, गर्भाशयाच्या अस्तरातल्या. त्या योनीच्या वरच्या टोकाशी, ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींमध्ये किंवा फुप्फुसात सापडू शकतात. फुप्फुसात सापडल्या तरी तो फुप्फुसाचा कॅन्सर ठरत नाही आणि औषधंही त्या हिशेबाने दिली जात नाहीत. उलटायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात ते त्यामुळेच.

नवा कॅन्सर वेगळ्या अवयवात, वेगळ्या पेशींतून सुरू होतो आणि तो पाच, दहा, पंधरा वर्षांनीही होऊ शकतो. अडचण अशी की तोवर तपासणीला जाणं सुटलेलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञ ओटीपोट तपासतात आणि 'सगळं छान आहे' म्हणतात. ते खरंच असतं, पण ते ओटीपोटापुरतं. आतडं, स्तन, तोंड कोण बघतंय?

नवीन गाठ दिसली तर ती जुन्याचीच समजू नका. बायोप्सी लागते.

माझं वजन जास्त आहे, साखरही आहे. त्याचा काही संबंध?

आहे, आणि तो थेट आहे. पाळी गेल्यावर अंडाशयं इस्ट्रोजेन बनवणं जवळजवळ थांबवतात, पण चरबी थांबत नाही. ती इतर हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन तयार करत राहते. ते इस्ट्रोजेन अस्तराला वाढवत राहतं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तेव्हा नसतं. हा कॅन्सर बहुतेकदा याच वाटेने होतो. अस्तर काढून टाकलं तरी चरबी तिथेच असते, रक्तातलं वाढलेलं इन्सुलिनही तिथेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीशी संबंध सिद्ध झालेल्या १३ कॅन्सरची यादी दिली. गर्भाशयाबरोबर त्यात मोठं आतडं, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, मूत्रपिंड, पित्ताशय, यकृत, स्वादुपिंड, अंडाशय, थायरॉइड अशी नावं आहेत. एका बाईला आधी पिशवीचा आणि दहा वर्षांनी स्तनाचा कॅन्सर झाला, तर त्यामागे नशिबापेक्षा हे एकच मूळ असण्याची शक्यता जास्त.

आता 'वजन कमी करा' हे सांगायला कुणाचं काय जातं! ऑपरेशननंतर महिनोन् महिने 'जपून, वाकू नको, उचलू नको' म्हणणारं घर तिला चालायला कधी पाठवणार, हा खरा प्रश्न. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला लागा. आणि भाकरी-भाजी खाणाऱ्या बाईला वजन उतरवण्यासाठी महागडी पावडर लागत नाही, हेही घरच्यांना सांगा.

मी कधी सिगारेट ओढली नाही. फुप्फुसाचा कॅन्सर होईल का?

गंमत अशी की सिगारेट ओढणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळतो, कारण धूम्रपानाने इस्ट्रोजेनचा परिणाम घटतो. म्हणून हा कॅन्सर झालेल्यांमध्ये ओढणाऱ्या कमी असतात आणि पुढे त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचं प्रमाणही त्यामुळे जास्त दिसत नाही. (याचा अर्थ सिगारेट चांगली असा काढणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात निघतो. त्याला उत्तर देत बसू नका.)

पण आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नसल्या तरी मशेरी लावतात. डॉक्टर 'तंबाखू खाता का?' विचारतात, बाई 'नाही' म्हणते आणि सकाळची मशेरी तिला तंबाखूत मोजायची असते हे ठाऊकच नसतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मशेरीच्या डबीला मात्र घरात कुणी हटकत नाही. लावत असाल तर सोडा आणि तोंडात बरा न होणारा व्रण किंवा पांढरा चट्टा आहे का, ते दाखवून घ्या.

लिंच सिंड्रोम म्हणजे काय? माझ्या रिपोर्टच्या खाली डॉक्टरांनी तसं लिहिलंय.

लिंच सिंड्रोम म्हणजे आई किंवा वडिलांकडून येणारा, काही कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून थोडं लांबेल.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे कपडे शिवणारी एक बाई होती. ती नेहमी उदास असे. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या घरातली सगळी माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती पुढे तरुणपणीच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ तयार करून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. तिला फारशी किंमत मिळाली नाही. १९६० च्या दशकात ओमाहातले डॉ. हेन्री लिंच यांनी अशीच आणखी कुटुंबं शोधली आणि पुढे आजाराला त्यांचं नाव मिळालं. जनुकं हाती लागली ती १९९३ नंतर. शिवणकाम करणाऱ्या बाईने जे आपल्या घरात पाहून ओळखलं होतं, ते प्रयोगशाळेला कळायला शंभर वर्षं लागली.

दोष असतो तो डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्यांची नावं. छपाईआधी मुद्रितशोधकच सुट्टीवर गेला तर पुस्तकात जे होईल, तेच पेशीत होतं. साधारण ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो, बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा सुमारे ३ टक्के आहे.

३ टक्के हा आकडा लहान वाटेल, पण शंभरातल्या त्या तीन बायकांसाठी तो मोठा आहे. लिंच असलेल्या ज्या बायकांना आतड्याचा आणि गर्भाशयाचा किंवा अंडाशयाचा असे दोन्ही कॅन्सर झाले, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या जणींत स्त्रीअवयवांचा कॅन्सर आधी आला होता. म्हणजे पिशवीच्या कॅन्सरने आधीच इशारा दिला होता. तो वाचला गेला असता, तर पुढचा आतड्याचा कॅन्सर गाठ होण्याआधीच काढून टाकता आला असता. मोठ्या आतड्याखेरीज अंडाशय, जठर, लहान आतडं, मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंड यांनाही लिंचमध्ये धोका असतो.

मला लिंच आहे का, हे कसं कळेल? पुन्हा बायोप्सी करावी लागेल?

नाही. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेले असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. त्याच ब्लॉकवर 'एमएमआर आयएचसी' ही तपासणी होते, ज्यात वर सांगितलेल्या चार जनुकांची प्रथिनं पेशींत दिसतात का ते पाहतात. इंग्लंडमध्ये २०२० पासून या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला ही तपासणी द्यावी अशी अधिकृत शिफारस आहे. आपल्याकडे ती काही ठिकाणी आपोआप होते, काही ठिकाणी मागावी लागते. तेव्हा मागा. 'माझी एमएमआर तपासणी झाली आहे का?' एवढं वाक्य पुरतं. उपचार जुने असले तर ब्लॉक अजून शिल्लक आहे का, तेही विचारा.

चारही प्रथिनं शाबूत असतील तर लिंचची शक्यता खूप कमी. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही जोडी गायब असेल तर लगेच धास्ती घेऊ नका: बहुतेक वेळा तो बदल त्या गाठीपुरताच असतो, वंशपरंपरेने आलेला नसतो, आणि 'मिथायलेशन' नावाच्या पुढच्या तपासणीत ते उलगडतं. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल तर मात्र जनुकतज्ज्ञांना भेटून रक्ताची तपासणी करावी. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी असा सल्ला मिळतो.

'मी पासष्टीची आहे, लिंच तरुणपणीच होतो ना?' असं म्हणून टाळू नका. एमएसएच६ मधला दोष बऱ्याचदा उशिरा उजेडात येतो.

लिंच निघालं तर पुढे काय?

मुख्य म्हणजे कोलोनोस्कोपी, साधारण दर एक ते दोन वर्षांनी. त्यात आतड्यातले मोडासारखे उंचवटे, म्हणजे पॉलिप, दिसतात आणि तिथल्या तिथे काढता येतात. तपासणी गुंगीत होते. त्रास असतो तो आदल्या दिवशी पोट साफ करण्याच्या औषधाचा, हे करून आलेली कुणीही सांगेल. इतकी खटपट कशासाठी? लिंच असलेल्या आणि गर्भाशयाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांच्या एका अभ्यासात पुढच्या वीस वर्षांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोका जवळपास ५० टक्के, म्हणजे दोघींत एकीला, इतका दिसला.

ॲस्पिरिनबद्दलही ऐकाल. कॅप-२ नावाच्या चाचणीत लिंच असलेल्या ८६१ जणांपैकी काहींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं आणि काहींना बिनऔषधाची गोळी. ॲस्पिरिनवाल्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर कमी झाला आणि तो फायदा पुढे वीस वर्षांपर्यंत दिसत राहिला. पण ॲस्पिरिनने जठरात रक्तस्राव होऊ शकतो, आणि ही गोष्ट ज्यांना लिंच नाही त्यांच्यासाठी नाही. मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करू नका.

मुलांना सांगू का? मुलीचं लग्न व्हायचंय.

सांगा. आई किंवा वडिलांना लिंच असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलाला गर्भाशय नाही म्हणून तो सुटला असं नाही, त्याला आतडं आहे. आणि ज्याच्यात दोष आलेला नाही त्याची चिंता रक्ताच्या एका तपासणीने मिटते.

आपल्याकडे आजार लपवतात ते बहुतेक लग्नापायी, हे मान्य. तरीही मुलीला तिच्या विशी-पंचविशीत कळलं तर तिच्या हातात वेळ असतो. स्थळांच्या याद्यांपेक्षा तो मोलाचा आहे.

उलट दिशेनेही विचारा. डॉक्टर 'घरात कुणाला कॅन्सर?' विचारतात तेव्हा सासरी तीस वर्षं राहिलेली बाई सासू-सासऱ्यांचे आजार सांगू लागते. इथे हवं असतं ते माहेर. मामा, मावशी, आजोळ, आत्या, काका. 'आजी पोटाच्या आजाराने गेली' यातला पोटाचा आजार कोणता होता, हे सांगणारी एखादी म्हातारी मावशी अजून असेल तर तिला आजच फोन करा.

मला 'लाइट' दिली होती. त्यामुळे नवा कॅन्सर होतो म्हणतात, ते खरं का?

'लाइट' म्हणजे रेडिएशन. रेडिएशनने डीएनए तुटतं, कॅन्सरच्या पेशी मरतात त्या त्यामुळेच. शेजारच्या निरोगी पेशींनाही थोडी झळ लागते: मूत्राशय, गुदाशय, आतडं. त्यातून झालाच तर नवा कॅन्सर सहसा पाच-दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो.

याबाबत दोन मोठे अभ्यास वरकरणी एकमेकांविरुद्ध बोलतात. ऑस्लोच्या रेडियम हॉस्पिटलमध्ये १९६८ ते १९७४ दरम्यान पहिल्या टप्प्यातल्या ५६८ रुग्णांना योनीत आतून रेडियम दिलं आणि त्यातल्या निम्म्यांना जोडीला बाहेरूनही रेडिएशन दिलं. वीसेक वर्षांनी पाहिलं तेव्हा बाहेरून रेडिएशन घेतलेल्या, साठीच्या आतल्या बायकांत नव्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट होता. उलट नेदरलँड्समधल्या तीन चाचण्यांतल्या (दोन या कॅन्सरच्या, एक गुदाशयाच्या) अडीच हजारांवर रुग्णांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला, त्यात रेडिएशन घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फरक सापडला नाही.

मला यात फारसा विरोध दिसत नाही. ऑस्लोची यंत्रं पन्नास वर्षांपूर्वीची, किरणांचा पट्टा रुंद. आता तो आखीव असतो. शिवाय २०१० मध्ये आलेल्या पोर्टेक-२ चाचणीने दाखवलं की मध्यम धोक्याच्या रुग्णांना नुसतं आतून दिलेलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, योनीत कॅन्सर उलटू न देण्याचं काम बाहेरच्या रेडिएशनइतकंच चांगलं करतं. त्यात आतडं-मूत्राशयाला डोस फार कमी जातो. तुम्ही तरुण असाल आणि रेडिएशन अजून व्हायचं असेल, तर 'आतून पुरेल का?' हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बाहेरूनच हवं असं डॉक्टर म्हणाले तर त्यामागे कारण असतं, आणि नव्या कॅन्सरच्या दूरच्या भीतीने आजचा उपचार सोडणं वेडेपणाचं ठरेल.

केमोचं काय?

कार्बोप्लॅटिनच्या वर्गातल्या औषधांनी पुढे क्वचित रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. धोका लहान आहे. कारण नसताना थकवा, वारंवार ताप, अंगावर निळे डाग दिसले तर रक्ताची साधी सीबीसी तपासणी करून घ्या.

स्तनांची तपासणी वेगळी करावी लागते का?

लिंच किंवा दुसरा आनुवंशिक दोष नसेल तर तुमच्या वयाच्या इतर बायकांना जे लागू, तेच तुम्हाला. पण ते खरोखर करा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, परवडत नसेल किंवा जवळ नसेल, तर प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणीही कमी समजू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखावर बायकांवर टाटा हॉस्पिटलने चाचणी केली. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. हे कुठल्या परदेशातलं नाही, आपल्याच गल्लीतलं आहे.

पीटेन जनुकाचा दोष, म्हणजे काऊडेन सिंड्रोम, असेल तर गोष्ट वेगळी. त्यात गर्भाशयाबरोबर स्तन आणि थायरॉइडचा धोका बराच जास्त असतो. तो दुर्मीळ आहे.

अंडाशयं ठेवली आहेत. चालेल?

तरुण रुग्णांमध्ये विचारपूर्वक ठेवतात. लिंच निघालं तर मात्र तो निर्णय पुन्हा चर्चेला घ्या.

पॅप स्मिअर चालू ठेवायची का? आणि दरवर्षी पेट स्कॅन?

पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी. गर्भाशयमुखासकट पिशवी काढली असेल तर तिचा उपयोग उरत नाही, योनीची प्रत्यक्ष तपासणी पुरते. पेट स्कॅनही काही तक्रार नसताना दरवर्षी करू नये. पैसा जातो, किरणं जातात, आणि निरुपद्रवी ठिपका सापडला की महिनाभराची झोपही.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करायचं नाही?

दोन चुका मी वारंवार पाहिल्या. शौचातून रक्त गेलं की 'मूळव्याध असेल' आणि लघवीतून गेलं की 'उन्हाळी लागली'. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, आणि तीन महिने जातात. ज्यांना पोटावर रेडिएशन झालंय त्यांना रेडिएशनच्या जुन्या इजेमुळेही रक्त जाऊ शकतं, पण ते ठरवायला आत बघावं लागतं. बाकी शौचाची सवय बदलून महिना उलटणं, स्तनात गाठ, योनीतून रक्त, न प्रयत्न करता उतरलेलं वजन, पोट फुगलेलं राहणं. यातलं काहीही दोन-तीन आठवड्यांवर गेलं तर दाखवा आणि दाखवताना 'मला पिशवीचा कॅन्सर होऊन गेलाय' हे पहिल्या वाक्यात सांगा.

मला सतत कॅन्सरचीच भीती वाटते. बाकी कशाची काळजी घ्यायची राहिली का?

हृदयाची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तेहतीस हजारांवर रुग्णांची नोंद तपासली गेली, तेव्हा हा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं हृदयविकार. कारणं तीच, वजन, साखर, रक्तदाब. सीए-१२५ या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन धावणारी बाई बीपीची गोळी मात्र 'बरं वाटतंय' म्हणून बंद करते.

पाच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. फाइल ठेवू की टाकू?

ठेवा. त्यातली पाच कागदं वेगळी काढा: अंतिम हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (त्यावर ब्लॉकचा नंबर असतो), एमएमआरचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद (अंडाशयं काढली की ठेवली), रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (डोसचं माप) दिलं त्याचा कागद, केमोच्या औषधांची नावं. जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर डिस्चार्ज कार्डाची प्रतही त्यात ठेवा. सगळ्यांचे फोटो काढून मुलीच्या किंवा मुलाच्या फोनवर पाठवा. सोनोग्राफीच्या चकचकीत कागदावरचं चित्र दोन-चार उन्हाळ्यांत उडून जातं, आमच्या आईच्या फाइलीतली तर कोरी पानं उरली आहेत.